बोर्डावरचा हा मुंगीएवढा पार्ट आहे तरी काय?

दुरुस्तीला घेतलेल्या बोर्डावर जळालेली जागा सापडली की निम्मं काम झालं असं वाटतं. मग भिंग लावून बघावं तर तिथे तीन पायांचा एक काळा ठिपका आणि त्यावर 'ए७' एवढंच लिहिलेलं. इंटरनेटवर 'ए७' शोधलं तर मोटारी आणि मोबाइल सापडतात, पार्ट सापडत नाही.

मी पहिल्यांदा इथे अडलो तेव्हा सोपा मार्ग काढला. दुसऱ्या एका बोर्डावर तसाच दिसणारा तीन पायांचा पार्ट होता, तो उचलून बसवला. बोर्ड चालू झाला, मी खूश. काही आठवड्यांनी तोच बोर्ड परत आला. या वेळी शेजारची चिप गेली होती. का गेली, ते पुढे येईलच.

आता मी ज्या क्रमाने शोधतो तो खाली दिला आहे. पार्टवर काय लिहिलंय हा प्रश्न त्यात बराच नंतर येतो. हा पार्ट या जागी काय काम करत होता, हे आधी विचारायचं. त्याचं उत्तर पार्टच्या पाठीवर सापडत नाही, आजूबाजूच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या वाटांमध्ये सापडतं.

पायरी १: काढण्याआधी बघून घ्या

वीज बंद, प्लग काढलेला, बॅटरी असेल तर तीही सुटी. बोर्ड थेट घरच्या विजेवर चालणारा असेल तर मोठ्या कपॅसिटरवर आधी मीटर लावा. २३० व्होल्टची एसी वीज सरळ करून डीसी केली की त्यावर ३२५ व्होल्टच्या आसपास साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या चिमट्यात धरून काही सेकंद लावा आणि पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

मग फोटो काढा. एक वरून, एक तिरका, एक संपूर्ण बोर्डाचा. पार्ट उपसून टेबलावर ठेवला की तो कुठल्या बाजूला तोंड करून होता हे कोणालाच आठवत नाही. काजळी कुठे पसरली आहे हेही फोटोत राहू द्या, कारण आता लगेच ती पुसायची आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने जागा साफ करा. निम्म्या वेळा 'पुसट झालेलं' अक्षर म्हणजे नुसता वाळलेला फ्लक्स (सोल्डरिंगला वापरतात तो चिकट पदार्थ) असतो.

पायरी २: शेजारी छापलेलं अक्षर

पार्टजवळ बोर्डावर पांढऱ्या शाईत एक अक्षर आणि आकडा असतो. 'आर' म्हणजे रेझिस्टर, 'सी' कपॅसिटर, 'एल' कॉइल, 'डी' डायोड, 'क्यू' ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार), 'यू' किंवा 'आयसी' म्हणजे चिप, 'एफ' फ्यूज, 'एफबी' फेराइट बीड, 'वाय' किंवा 'एक्स' क्रिस्टल. काही ठिकाणी ट्रान्झिस्टरला 'टी' किंवा 'टीआर' लिहितात.

हे अक्षर जागेचं नाव आहे हे लक्षात ठेवा. डिझाइन करणाऱ्याने तिथे काय योजलं होतं ते त्यातून कळतं, प्रत्यक्षात काय बसवलं ते नाही. 'एल' लिहिलेल्या जागी शून्य ओहमचा जंपर बसलेला मी कितीदा पाहिला आहे. दाटीवाटीच्या बोर्डांवर, विशेषतः फोनच्या, ही छपाई नसतेच. तिथे सरळ पुढे जा.

पायरी ३: अंगकाठी आणि रंग

दोन टोकांचे पार्ट आधी घेऊ. काळा, गुळगुळीत माथा, पांढरी सिरॅमिकची कड आणि वर आकडे असतील तर रेझिस्टर. सगळीकडून एकसारखा तपकिरी आणि कोरा असेल तर सिरॅमिक कपॅसिटर. गडद करडा आणि कोरा असेल तर बहुधा फेराइट बीड किंवा छोटी कॉइल. पांढरा किंवा हिरवट, वर एखादंच अक्षर, आणि जागा वीज आत येते तिथली, तर फ्यूजचा संशय घ्या.

पट्ट्याच्या बाबतीत नवीन माणूस हमखास फसतो, म्हणून हे पाठच करा. डायोडवरचा पट्टा कॅथोडचा, म्हणजे ऋण बाजूचा. अॅल्युमिनियमच्या गोल कपॅसिटरवरचा काळा भागही ऋण बाजूचा. पण पिवळ्या किंवा काळ्या चौकोनी टॅंटलम कपॅसिटरवरचा पट्टा धन बाजूचा असतो. टॅंटलम उलटा लागला तर तो नुसता खराब होत नाही, पेट घेतो.

मग माप घ्या. ०४०२ म्हणजे १.० × ०.५ मिमी, ०६०३ म्हणजे १.६ × ०.८, ०८०५ म्हणजे २.० × १.२५ आणि १२०६ म्हणजे ३.२ × १.६ मिमी. हे आकडे इंचांच्या हिशेबातले आहेत. मिलिमीटरच्या पद्धतीतही '०६०३' नावाचं माप आहे आणि ते इंचवाल्या ०२०१ एवढं, म्हणजे ०.६ × ०.३ मिमी असतं. मागवताना पद्धत बघितली नाही तर धूळ वाटावी असे पार्ट घरी येतात.

पायरी ४: अक्षरं वाचणं

वरून उजेड मारला की लेझरने कोरलेली अक्षरं दिसेनाशी होतात. टॉर्च बोर्डाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग किंवा फोनचा मॅक्रो कॅमेरा वापरा. मजकूर दोन्ही बाजूंनी वाचून बघा. ६ आणि ९, एम आणि डब्ल्यू यांची अदलाबदल सहज होते. तीन पायांच्या पार्टमध्ये दोन पाय खाली आणि एकटा पाय वर धरला की सहसा अक्षरं सरळ येतात.

रेझिस्टरचे आकडे सोपे. तीन आकडी असेल तर शेवटचा आकडा म्हणजे पुढची शून्यं: १०३ म्हणजे १० वर तीन शून्यं, १० किलोओहम. चार आकडीत १००२ म्हणजेही तेच. 'आर' दशांशचिन्हाच्या जागी येतो, म्हणून ४आर७ म्हणजे ४.७ ओहम आणि आर०१० म्हणजे ०.०१० ओहम. एवढा कमी रोध दिसला तर तो करंट मोजायला बसवलेला आहे. तिथे तारेचा तुकडा लावून भागत नाही.

दोन आकडे आणि एक अक्षर दिसलं, उदाहरणार्थ '१८सी', तर ती एक टक्का अचूकतेच्या रेझिस्टरची वेगळी लिपी आहे. आकडे म्हणजे ९६ किमतींच्या ठरलेल्या यादीतला क्रमांक, अक्षर म्हणजे गुणक. ए म्हणजे × १, बी × १०, सी × १००, डी × १०००. एक्स × ०.१ आणि वाय × ०.०१. यादीत अठरावी किंमत १५० आहे, म्हणून १८सी म्हणजे १५ किलोओहम. यादी पाठ करायची गरज नाही. १०० ला १० च्या (क्रमांक वजा एक) भागिले ९६ या घाताने गुणलं की किंमत निघते, कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम.

टॅंटलमवर १०७ लिहिलं असेल तर १० वर सात शून्यं, पण पिकोफॅरडमध्ये, म्हणजे १०० मायक्रोफॅरड. शेजारचं अक्षर व्होल्टेज सांगतं: जे ६.३, ए १०, सी १६, डी २०, ई २५, व्ही ३५. कॉइलवर १०० लिहिलं असेल तर ते १० मायक्रोहेन्री, शंभर नव्हे.

तीन किंवा जास्त पायांच्या पार्टवर पूर्ण नाव मावत नाही, म्हणून कंपन्या संक्षिप्त खूण छापतात. 'ए७' म्हणजे बीएव्ही९९, एकापुढे एक जोडलेले दोन डायोड. त्याच कुळातले ए४ म्हणजे बीएव्ही७० आणि ए१ म्हणजे बीएडब्ल्यू५६. '१एएम' म्हणजे एमएमबीटी३९०४ हा एनपीएन ट्रान्झिस्टर. '७०२' म्हणजे २एन७००२ हा मॉसफेट. छोट्या मॉड्यूलवर '६६२के' दिसलं तर तो बहुतेक वेळा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर.

अशा खुणांच्या याद्या ऑनलाइन मिळतात. शोधताना नुसती खूण टाकू नका, 'एसएमडी कोड' (एसएमडी म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे पार्ट) हे शब्द आणि पॅकेजचं, म्हणजे पार्टच्या बाहेरच्या आकाराचं नाव जोडा. तीन पायांच्या नेहमीच्या काळ्या पार्टचं पॅकेज एसओटी-२३, अंग साधारण २.९ × १.३ मिमी. त्याच्याहून बारका दिसला तर एसओटी-३२३ बघा. पॅकेज जुळलं नाही तर यादीतलं उत्तर सोडून द्या, कारण एकच खूण वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या पार्टवर छापतात. '४३१' हेच बघा. दोन टोकांच्या पार्टवर ते ४३० ओहम, तीन पायांच्या पार्टवर बहुधा टीएल४३१ हा व्होल्टेज संदर्भ, म्हणजे तुलनेसाठी स्थिर व्होल्टेज देणारा पार्ट. खुणेनंतर येणारं एखादं जादा अक्षर किंवा आडवं वळवलेला आकडा कारखान्याचा किंवा तारखेचा असतो, तो शोधात धरू नका.

यादीतून तीन-चार उमेदवार निघतील. त्यातला खरा कोणता हे ठरवायला पुढची पायरी.

पायरी ५: शेजाऱ्यांना विचारा

मीटर बीप मोडवर ठेवा आणि पार्टचा प्रत्येक पाय कुठे जातो ते कागदावर काढा. ग्राउंडला कोणता, सप्लायला कोणता, कनेक्टरला कोणता, चिपच्या कितव्या पायाला कोणता. कंटाळवाणं काम आहे, पण माझा सगळ्यात जास्त वेळ याच पायरीने वाचवला आहे.

माझ्या त्या 'ए७'चंच बघा. एक पाय ग्राउंडला, दुसरा ३.३ व्होल्टला, आणि एकटा पाय कनेक्टरवरून चिपकडे जाणाऱ्या सिग्नलच्या ट्रॅकला. एवढं चित्र कागदावर काढलं असतं तर कोणीही सांगितलं असतं की हा पहारेकरी आहे. सिग्नल सप्लायच्या वर उसळला तर वरचा डायोड तो सप्लायकडे वळवतो, ग्राउंडच्या खाली गेला तर खालचा डायोड सावरतो. मी तिथे एनपीएन ट्रान्झिस्टर बसवला होता. त्याच्या तीन पायांपैकी बेस ग्राउंडला आला, एमिटर सप्लायला आणि कलेक्टर सिग्नलला. बेस-कलेक्टरमधला जोड योगायोगाने खालच्या डायोडचं काम करत राहिला. वरची बाजू मात्र उघडी पडली. रोजच्या कामात काहीच बिघडलं नाही, म्हणून बोर्ड 'चालला'. पुढचा झटका आला तो थेट चिपने घेतला.

अशा जागा ओळखीच्या होत जातात. कनेक्टरच्या पायापासून ग्राउंडला जाणारा दोन टोकांचा डायोड सहसा झटके गिळणारा टीव्हीएस असतो. तो मरताना बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो आणि सगळी लाइन खाली ओढतो. रिलेच्या कॉइलला उलटा जोडलेला डायोड कॉइलची उसळी जिरवतो. क्रिस्टलच्या दोन्ही पायांपासून ग्राउंडला जाणारे दोन कोरे तपकिरी ठिपके पिकोफॅरडमधले, साधारण १० ते २२. चिपच्या सप्लाय पायाला चिकटून बसलेला कोरा ठिपका बहुतेक १०० नॅनोफॅरडचा. चिपच्या दोन डेटा लाइनींपासून सप्लायला जाणारे सारखे दोन रेझिस्टर म्हणजे पुल-अप, साधारण २.२ ते १० किलोओहम.

मोठी चौकोनी कॉइल आणि तिला लागून पाच-सहा पायांची बारकी चिप दिसली तर तो व्होल्टेज बदलणारा स्विचिंग कन्व्हर्टर. कॉइल आणि चिपच्या सामाईक बिंदूपासून ग्राउंडला गेलेला डायोड तिथे शॉटकीच (कमी व्होल्टेज गमावणारा डायोड) असतो. आउटपुटपासून चिपच्या एका पायाकडे आणि तिथून ग्राउंडला जाणारे दोन रेझिस्टर म्हणजे फीडबॅकची, आउटपुट किती आहे ते चिपला सांगणारी जोडी. ती पुन्हा येईल.

पायरी ६: मीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही

पार्ट बोर्डावर असताना मोजलं की शेजारचे रस्तेही मोजमापात मिसळतात. त्यामुळे रोध खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो, आणि आसपासचे कपॅसिटर रिकामे असतील तर जास्त दिसत नाही. १० किलोओहमचा रेझिस्टर ४ किलो दाखवत असेल तर घाबरू नका. ४० दाखवत असेल तर तो गेला. कपॅसिटरचं उलट: समांतर जोडलेले सगळे मिळून आकडा फुगतो. शंका असेल तर पार्ट काढूनच मोजा.

तीन पायांचा अनोळखी पार्ट काढून डायोड मोडमध्ये सहाही जोड्या तपासा. फक्त एकाच जोडीत, एकाच दिशेने ०.४ ते ०.७ व्होल्ट आले आणि एक पाय कशालाच दाद देत नसेल तर मॉसफेट समजा. दाद न देणारा पाय गेट, उरलेले दोन सोर्स आणि ड्रेन. लाल प्रोब सोर्सवर असताना आकडा आला तर एन-चॅनेल. मोजता मोजता गेट भारित होऊन पार्ट शॉर्ट असल्यासारखा वाटू शकतो. तिन्ही पाय चिमट्याने क्षणभर एकत्र जोडा आणि पुन्हा मोजा.

एकाच पायावर लाल प्रोब ठेवून इतर दोघांकडे ०.६–०.७ आले तर एनपीएन, काळा ठेवून आले तर पीएनपी. सामाईक पाय बेस, आणि किंचित जास्त आकडा देणारी बाजू एमिटरची. इथे एक फसवणूक आहे. एकत्र कॅथोड किंवा एकत्र अॅनोड असलेली डायोडची जोडी मीटरला हुबेहूब ट्रान्झिस्टरसारखी दिसते. एसओटी-२३ मध्ये ट्रान्झिस्टरचा बेस सहसा दोन पायांच्या बाजूला असतो, डायोडच्या जोडीत सामाईक टोक एकट्या पायावर येतं. म्हणजे 'बेस' एकट्या पायावर सापडला तर जोडीचा संशय घ्या. 'ए७'मध्ये तर एकटा पाय एका डायोडचा कॅथोड आणि दुसऱ्याचा अॅनोड असतो. ट्रान्झिस्टरमध्ये असं कधीच दिसत नाही. माझ्याकडे तेव्हा मीटर होता. वापरला नाही, एवढंच.

दोन टोकांच्या डायोडमध्ये ०.१५ ते ०.३ व्होल्ट आले तर शॉटकी, ०.५ ते ०.७ आले तर साधा सिलिकॉन किंवा झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलट्या दिशेनेही वाहू लागणारा डायोड). झेनर वेगळा काढायचा तर १० किलोओहम मालिकेत घालून ३० व्होल्टच्या सप्लायवर उलटा जोडा आणि त्याच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज मोजा. ५.१ वर थांबला तर ५.१ चा झेनर.

पायरी ७: जळून कोळसा झाला असेल तर

आधी त्याच बोर्डावर जुळा शोधा. दोन चॅनेल, चार मोटारी, दोन यूएसबी पोर्ट असतील तर तीच रचना पुन्हा काढलेली असते आणि जिवंत भावंड दोन सेंटीमीटरवर सापडतं. तसं नसेल तर त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड किंवा त्याचे स्वच्छ फोटो. बोर्डाचा नंबर सहसा कडेला छापलेला असतो, त्यावरून सर्किट डायग्रामही मिळून जातो.

तेही नसेल तर शेजारच्या चिपचं डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक उघडा. त्यात नमुना सर्किट असतं आणि बरेच डिझायनर ते थोड्याफार फरकाने तसंच उचलतात. समजा, फीडबॅकच्या जोडीतला वरचा रेझिस्टर गेला आहे. खालचा १० किलोओहम आहे, डेटाशीटमध्ये संदर्भ व्होल्टेज ०.८ दिलं आहे आणि आउटपुट ३.३ व्होल्ट हवं आहे. आउटपुट म्हणजे संदर्भ × (१ + वरचा ÷ खालचा). म्हणून वरचा = १० × (३.३ ÷ ०.८ − १) = ३१.२५ किलोओहम. जवळची प्रमाणित किंमत ३१.६ किलो, जिने ३.३३ व्होल्ट मिळतात. त्या ९६ च्या यादीत ३१६ ही एकोणपन्नासावी किंमत आहे. आता जळालेल्या तुकड्यावर भिंगातून '९' आणि 'सी'चे अवशेष दिसले तर '४९सी' लिहिलं होतं यात फारशी शंका उरत नाही.

कोऱ्या सिरॅमिक कपॅसिटरला मात्र वाचण्यासारखं काही नसतंच. शेजारचा त्याच मापाचा, त्याच जाडीचा आणि त्याच लाइनीवरचा काढून मोजा. व्होल्टेज लाइनीच्या दुप्पट घ्या. बारक्या अंगाच्या, जास्त किमतीच्या सिरॅमिक कपॅसिटरची क्षमता व्होल्टेज चढलं की बरीच घटते, म्हणून ५ व्होल्टच्या लाइनीवर ६.३ व्होल्टचा लावून बचत करू नका.

पायरी ८: बसवण्याआधी आणि बसवल्यावर

पार्ट ओळखला म्हणजे बिघाड ओळखला असं नाही. रेझिस्टर आणि फ्यूज सहसा दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा भोगतात. त्यांच्या पुढची लाइन ग्राउंडला शॉर्ट नाही ना, ते पार्ट काढलेला असतानाच मोजून घ्या.

पर्यायी पार्ट घेताना पायांची मांडणी तीच हवी, व्होल्टेज आणि करंट मूळच्या इतके किंवा जास्त. झेनर आणि रेग्युलेटरला 'जास्त' चालत नाही, तिथे आकडा तोच हवा. शॉटकीच्या जागी साधा डायोड लावला तर कन्व्हर्टर चालेल, पण डायोड तापेल. रेझिस्टरचं मापही पाळा: ०६०३ साधारण ०.१ वॅट सोसतो, ०८०५ ०.१२५ आणि १२०६ ०.२५.

पहिल्यांदा वीज देताना बेंच सप्लायवर करंटची मर्यादा अगदी खाली ठेवा आणि हळूहळू वाढवा. घरच्या विजेवर चालणारा बोर्ड असेल तर फिलामेंटचा जुना बल्ब मालिकेत लावा. शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल, बोर्ड वाचेल. मिनिटभराने वीज बंद करा, मोठा कपॅसिटर पुन्हा रिकामा करा आणि मग बोटाने बघा की नवा पार्ट त्याच्या जुळ्या भावापेक्षा जास्त तापला आहे का. तापला असेल तर वीज तशीच बंद ठेवा आणि पायरी ५ मधला कागद पुन्हा समोर घ्या.